टाईप कास्टिंगला मराठीत काय म्हणायचं? (डेअरीतल्या मंडळींना सांगायचंय)

तासगावचा_पोरगा:
टाईप कास्टिंग म्हणजे प्रोग्रामात आकड्याचा प्रकार बदलणं, जसं दशांशाचा पूर्णांक करणं. त्यात गेल्या आठवड्यात फजिती झाली. गावच्या दूध डेअरीचा पावत्यांचा प्रोग्राम मीच लिहून दिलाय. एका मावशींचं दूध काट्यावर 4.35 लिटर दिसलं आणि पावतीवर आलं 4.34. दहा मिलीचा फरक, पण मावशी पावती घेऊन थेट चेअरमनच्या दारात. मी बघितलं तर काट्याकडनं आलेला आकडा शंभरनं गुणून पूर्णांक करून ठेवत होतो, आणि 4.35 गुणिले 100 कॉम्प्युटरच्या पोटात 434.99999999999994 येतं कारण दोनच्या हिशेबात 4.35 नीट बसतच नाही, त्याला इंट (म्हणजे पूर्णांक) केलं की पॉइंटच्या पुढचं सगळं जातं, राहिलं 434. चूक माझीच. संध्याकाळी मीटिंगमध्ये विचारलं काय झालं, मी बोलून गेलो, "कास्ट करताना चूक झाली." सगळे गप्प. मग एक आजोबा म्हणाले, "दुधात कास्ट कुठनं आली रे?"
रविवारी परत मीटिंग आहे. ह्याला मराठीत बरा शब्द सांगा.

वाईकर_मास्तर:
प्रकारांतर. प्रकार म्हणजे टाईप, अंतर म्हणजे बदल, भाषांतर-रूपांतरासारखंच. सोपा, सुटसुटीत. ज्या गावात विश्वकोश तयार झाला तिथला माणूस आहे मी, परिभाषा करायला घाबरू नये एवढंच सांगतो. दिनांक आणि क्रमांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील, आज तलाठीसुद्धा दुसरं काही लिहीत नाही.

कृष्णाकाठ:
मास्तर, प्रकारांतर म्हटलं की आमच्याकडं "हा काय नवीन प्रकार" म्हणतील. कास्टिंगला शब्द आहे की, ओतकाम. आमचे वडील किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत होते, घरात रोज हाच विषय. लोखंड तेच, साचा बदलला की वस्तू बदलली. संख्येचं पण तसंच, ह्या साच्यातनं त्या साच्यात ओतायचं.

मिरजेची_सून:
पण दादा, ओतकामात रस साच्याबाहेर गेला तर दिसतो तरी. इथं 0.99999999999994 गेलं ते कुणाला दिसलं? गुमान गेलं. मावशींनी पावती वाचली नसती तर कधीच कळलं नसतं. मला तर 'गुमान' हाच शब्द ह्यात महत्त्वाचा वाटतो.

हळदपेठ_सांगली:
एवढं लांब कशाला जाताय. आजोबांच्या दुकानात धान्य मापाने द्यायचे. माप भरलं की वर ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. द्यायची शीग ठरली असेल तर शिगोशीग भरायचं, नाहीतर काठावरनं हात फिरवायचा, वरचं सगळं खाली. इंट करणं म्हणजे शीग उतरवणं, दुसरं काही नाही. 'आनंद शिगेला पोचला' म्हणतो ती शीग हीच.

वाईकर_मास्तर:
शीग शब्द उत्तम आहे, वाद नाही. पण तो शृंगावरून आला असावा, मापावरून नव्हे. शृंग, शिंग, शीग.

हळदपेठ_सांगली:
शिंग बैलाला असतं मास्तर. मापाला शीग.

मिरजेची_सून:
माझी एक शंका, हसू नका. उणे आकड्याची शीग कुठल्या बाजूला? मी क्लासमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. उणे 2.7 ला इंट केलं की उणे 2 येतं म्हणजे आकडा वाढला, आणि फ्लोअर केलं (खालचा पूर्णांक घेतला) तर उणे 3. पोरं दरवेळी इथं अडखळतात. उधारीच्या मापावर हात फिरवला तर उधारी कमी होते असं सांगते मी, तेवढं पटतं त्यांना. राउंडचं तर विचारूच नका, 2.5 ला 2 आणि 3.5 ला 4 देतं, अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडं झुकतं. एका पोराच्या आईचा फोन आला होता की मॅडम गणित चुकीचं शिकवतात.

कराडकर_काका:
शीग वगैरे ठीक, पण पॉइंटच्या पुढचं जाणं ही किरकोळ गोष्ट. खरी मजा मापच लहान पडतं तेव्हा. फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) बिलं पैशात साठवायचे आणि जागा ठेवलेली सोळा बिटांची. त्यात 32767 च्या वर आकडा मावत नाही, म्हणजे 327 रुपये 67 पैसे. एका गवळ्याचं बिल झालं 400 रुपये, 40000 पैसे. छापून आलं उणे 255.36. गवळी म्हणाला, "दूध बी मी घालायचं आणि पैसं बी मीच द्यायचं व्हय?"
ह्याला काय म्हणाल, शीग?

कृष्णाकाठ:
ह्याला सांडणं म्हणायचं. ओव्हरफ्लो म्हणजे सांडवा, कोयनेवर जाऊन बघा.

कराडकर_काका:
सांडलं तर भांडं भरलेलं राहतं हो. इथं भांडं उलटं झालंय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, पाणी त्याच्यावर गेलं तर वर जातं, उणे होत नाही. मी ह्याला 'काटा फिरला' म्हणतो. घड्याळासारखा गोल तबकडीचा वजनकाटा असतो ना, जास्त वजन टांगलं की काटा पूर्ण फेरा मारून परत शून्यापाशी येतो, तसं. आणि कधीकधी तेवढ्यावर भागत नाही. 4 जून 1996 ला युरोपच्या एरियान 5 रॉकेटचं पहिलंच उड्डाण, चौसष्ट बिटांचा दशांश आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात घालायला गेले, मावला नाही, त्यात काटा पण फिरला नाही, सरळ एरर आली आणि ती एरर पकडायला कुणी बसवलेलं नव्हतं. चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट गेलं.

तासगावचा_पोरगा:
काका, म्हणजे गुमान कापलं तरी वाईट आणि बोंब मारली तरी वाईट?

कराडकर_काका:
बोंब ऐकायला माणूस पाहिजे रे. जावा, रस्ट ह्या पण प्रोग्रामिंगच्या भाषा. जावात टू-इंट-एक्झॅक्ट आहे, रस्टमध्ये ट्राय-फ्रॉम आहे, मावत नसेल तर तोंडावर सांगतात. रस्टमध्ये प्रकार बदलायला जो 'ॲज' शब्द आहे त्याची तर गंमत आहे, दशांश 300 आठ बिटांत घातला तर 255 ला थांबतो म्हणजे शीग उतरवली, आणि पूर्णांक 300 घातला तर 44 येतो म्हणजे काटा फिरला. शब्द एक, कामं दोन.

हळदपेठ_सांगली:
हे आमच्या लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दोनच्या पटीत, बघा मोजून, पायलीची सोळा चिपटी. पायलीतलं चिपट्यात ओतायच्या आधी बाई पण बघते किती आहे ते. तर शब्द घ्या, 'मापबदल'.

मिरजेची_सून:
मापबदल आवडला!! लहान मापातनं मोठ्यात घालताना काळजी नाही, मोठ्यातनं लहानात घालताना बघून घाला, पोरांना एका वाक्यात कळेल.

वाईकर_मास्तर:
लहानातून मोठ्यात काळजी नाही हे तितकं खरं नाही. बत्तीस बिटांचा पूर्णांक बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्याच्या जागेत) घाला, 16777217 चा 16777216 होतो. माप तेवढंच, पण धान्य वेगळं. म्हणून म्हणतो प्रकार बदलतो, माप नव्हे. प्रकारांतर.

हळदपेठ_सांगली:
घ्या, आले परत फिरून.

कृष्णाकाठ:
जरा थांबा, चार मापट्यांचा शेर ना? आमच्या घरी तरी चारच होती.

हळदपेठ_सांगली:
चार चिपटी. मापटी दोन.

कृष्णाकाठ:
आई म्हणते चार मापटी. आमच्याकडं अजून पितळी मापं आहेत माळ्यावर.

मिरजेची_सून:
माहेरी खटावला चिपट्यालाच मापटं म्हणायचे, त्यामुळं दोघंही बरोबर असाल.

तासगावचा_पोरगा:
मीटिंग झाली. ओतकाम, शीग, मापबदल काही वापरावं लागलं नाही, तोंडातनं निघालं "मशीन पॉइंटच्या पुढचं खात होतं" आणि लगेच सगळ्यांना कळलं. आता काट्याकडनं येणारा 4.35 हा मजकूरच घेतो आणि त्यातला पॉइंट काढून टाकतो, 435, गुणायची भानगडच नाही. पण तेच आजोबा परत उठले. म्हणाले, खाल्लं ते कायम आमचंच खाल्लं, डेअरीचं एकदा पण नाही, मग मागच्या आठ महिन्यांचं काय? बरोबर आहे त्यांचं, इंट कायम खालीच कापतो. सगळ्या जुन्या पावत्या काढून बसलोय, 1.15 च्या 1.14 झालेल्या पण सापडायला लागल्यात.

कृष्णाकाठ:
हळदपेठवाले, माळ्यावरनं मापं काढली. शेरावर शिक्का आहे. उद्या तांदूळ घालून मोजतो, मग बोलू.

हळदपेठ_सांगली:
मोजा. सपाट मोजा पण, शीग नको.