'पुन्हा करणार नाही', पण कोण? आम्ही की आपण?

ओटीवरची:
मंडळी, तातडीची अडचण आहे. ६ ऑगस्टसाठी आमच्या वाचनालयात हिरोशिमा-नागासाकीवर भित्तिपत्रकं लावतोय. एका पत्रकावर हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानातली ओळ मराठीत द्यायची आहे. केंझो टांगे या वास्तुविशारदाची ती कमान फोटोत पाहिली असेलच. तिच्याखाली दगडी पेटी आहे, पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत आणि पेटीवर ही ओळ कोरलेली आहे. मी लिहिलं होतं, 'शांत निजा, ही चूक आम्ही पुन्हा करणार नाही.' मुद्रितशोधन करणाऱ्या काकांनी 'आम्ही' खोडून 'आपण' केलं. कार्यवाह म्हणतात, दोन्ही काढा आणि 'ही चूक पुन्हा होणार नाही' करा, म्हणजे वाद नको. शुक्रवारी छापायला द्यायचंय. काय ठेवू?

कात्रजचा_जपानी:
मूळ ओळ अशी आहे: 'यासुराकानि नेमुत्ते कुदासाई, आयामाची वा कुरिकाएशिमासेनु कारा.' म्हणजे शांतपणे निजा, कारण आयामाची, म्हणजे चूक, पुन्हा करणार नाही. कर्ता नाहीच. जपानी क्रियापद पुरुष दाखवत नाही, त्यामुळे मी, आम्ही, ते, कोणीही बसतं. पण 'कुरिकाएसु' सकर्मक आहे. कोणीतरी ती गोष्ट पुन्हा करणारा आहे, फक्त त्याचं नाव घेतलेलं नाही. म्हणून कार्यवाहांचं 'होणार नाही' मला पटत नाही. त्यात करणाराच नाहीसा होतो.

मिरजमळा:
'पुन्हा अशी चूक होणार नाही' वाचलं की मला शाळेतला माफीनामा आठवतो. 'मा. मुख्याध्यापक यांस, वर्गातील बाक मोडल्याबद्दल...' आणि शेवटी हेच वाक्य, खाली पालकांची सही. मेलेल्यांना माफीनामा लिहायचा कोणी? ज्याने बॉम्ब टाकला त्याने, की ज्याच्यावर पडला त्याने?

जुनी_वही:
मिरजमळा, हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही, आणि पहिला बहुधा आपल्याच देशातला होता. राधाबिनोद पाल, जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश. सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं भिन्नमत देणारे तेच. ६ ऑगस्ट १९५२ ला शिलेचं अनावरण झालं आणि नोव्हेंबरात पाल हिरोशिमाला गेले. ओळीचा अर्थ समजून घेतल्यावर ते भडकले. त्यांचं म्हणणं, इथे 'आम्ही' म्हणजे उघडच जपानी, पण बॉम्ब काही जपान्यांनी टाकलेला नाही, मग चूक यांची कशी? ओळ लिहिणारे ताडायोशी साइका हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, स्वतः त्या बॉम्बमधून वाचलेले. त्यांनी पालांना पत्र लिहून विरोध नोंदवला. आम्ही हिरोशिमाचे नागरिक आहोत तसेच जगाचेही, असा त्यांचा रोख होता. इंग्रजी भाषांतरही साइकांचंच. त्यात त्यांनी 'वी' घातला आणि आयामाचीचं 'ईव्हिल' केलं.

तरी वाद मिटला नाहीच. १९८३ मध्ये महापालिकेला शेजारी खुलाशाची पाटी लावावी लागली. २००५ मध्ये एकाने छिन्नी घेऊन 'आयामाची' हाच शब्द तासायला घेतला होता.

ओटीवरची:
बापरे. म्हणजे काकांचं 'आपण'च बरोबर? जगाचे नागरिक म्हणजे सगळेच आले की त्यात.

शब्दखोर:
ओटीवरचीताई, घाई नको. इंग्रजीला 'वी' एकच आहे, म्हणून साइका सुटले. आपल्याला ती सोय नाही. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये वगळलेला. 'आपण सिनेमाला जाऊ' आणि 'आम्ही सिनेमाला जाऊ' यातला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो, दुसरं म्हटलं की ते भोकाड पसरतं. आता तुमच्या वाक्यात ऐकणारा कोण? ज्यांना 'निजा' म्हणताय ते, म्हणजे मेलेले. तिथे 'आपण' घातलं तर मृतांनाही वचनात ओढलं. ते बिचारे काय पुन्हा करणार? व्याकरणाने 'आम्ही'च.

कोकणकडा:
आणि 'आपण' आदरार्थीही आहे. 'आपण शांत निजा, आपण पुन्हा चूक करणार नाही.' वाचणाऱ्याला वाटेल मृतांनाच दम दिलाय :)

मुक्काम_वाशी:
शब्दखोर, तुमचं व्याकरण बरोबर, पण भित्तिपत्रक मृतांनी वाचायचं नाहीये. समोर उभा माणूस वाचतो. त्याच्या दृष्टीने 'आम्ही' म्हणजे कोणीतरी दुसरे, म्हणजे जपानी. तो वाचून पुढे जाईल. 'आपण' म्हटलं तर त्याला थांबावं लागेल. पाटीवरच्या खुलाशातही सगळ्या मानवजातीचाच अर्थ दिलाय. मग मराठीत तो अर्थ आणणारा शब्द समोर असताना नाकारायचा का?

शब्दखोर:
कारण शिलेवर तो लिहिलेला नाही. खुलासा पाटीवर आहे, शिलेवर नाही.

तळेगावचा_मामा:
वाशीकर, 'आपण'मध्ये मानवजात येते हे ठीक, पण ११ आणि १३ मे १९९८ ला आपण पोखरणमध्ये काय करत होतो? तेव्हा पेढे वाटणाऱ्यांनी 'आपण पुन्हा करणार नाही' छापावं म्हणजे कमाल आहे.

मुक्काम_वाशी:
मामा, चाचणी वेगळी आणि शहरावर टाकणं वेगळं. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या वर माणसं गेली. पोखरणशी तुलना करू नका.

जुनी_वही:
राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्या रे. इथे सर्वनामावर भांडा.

सातारी_कंदी:
सर्वनाम राहू द्या, मला 'चूक'च खटकते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आधी ब्रह्मदेशात आणि नंतर ऑपरेशन झिपरच्या तयारीत. मलायाच्या किनाऱ्यावर जपान्यांशी लढत उतरायचं, असा तो बेत. तेवढ्यात दोन बॉम्ब पडले, १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटाचं भाषण रेडिओवर झालं आणि ९ सप्टेंबरला ही माणसं विरोधाशिवाय उतरली. आजोबा म्हणायचे, 'बॉम पडला आणि आमी घरी आलो.' एवढंच. त्यांच्यापुढे कोणी 'चूक' म्हटलं की उठून गोठ्यात जायचे. मला स्वतःला तो निर्णय भयंकर वाटतो. सकाळी सव्वाआठला, शाळकरी पोरं, हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर असताना! पण आजोबांच्या त्या वाक्यातला दिलासा खोटा होता असं मी म्हणणार नाही.

मिरजमळा:
कंदी, आजोबांचं 'पडला' बघा. पाऊस पडला, भाव पडला, बॉम्ब पडला. आपल्याकडे बोलताना सर्रास 'हिरोशिमावर बॉम्ब पडला' म्हणतात. 'टाकला' म्हटलं की लगेच 'कोणी' हा प्रश्न येतो. ताईंच्या कार्यवाहांचं 'होणार नाही' याच कुळातलं आहे. ग्लास फुटला, तो कोणी फोडला नाही!

उकडीचा_मोदक:
आयामाचीला 'चूक' फिकं आहे. चूक म्हणजे गणितातली. 'प्रमाद' घ्या.

पेठेतला:
प्रमाद म्हणजे मुळात गाफीलपणा. मॅनहॅटन प्रकल्पात, म्हणजे अमेरिकेच्या बॉम्ब बनवायच्या मोहिमेत, गाफीलपणा कुठला? लक्ष्यांची यादी होती, क्योतो तिच्यातून युद्धमंत्री स्टिमसनने आग्रहाने काढायला लावलं. ९ ऑगस्टला आधी ठरलेल्या कोकुरा शहरावर ढग आणि धूर होता, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. याला प्रमाद म्हणतात? माझी पसंती 'आगळीक'ला. आगळा म्हणजे अधिकचा, हद्दीबाहेरचा.

कोकणकडा:
पेठेतले, आमच्याकडे आगळ म्हणजे दाराचा अडसर, अर्गला. अडसर मोडून घुसणं ती आगळीक.

पेठेतला:
हे तुम्ही आत्ता बसल्या बसल्या रचलंत.

कोकणकडा:
आणि तुम्ही तुमचं परवा रचलंत. शिवाय कोकमाचंही आगळ असतं, ते आणू का मध्ये?

बेलापूरची_लेक:
मला विचाराल तर 'ही चुकी पुन्हा नाही'. छोटं आणि थेट.

उकडीचा_मोदक:
चुकी?? 'चूक' हो बाई. चुकी हा हिंदी मालिकांनी आणलेला रोग आहे.

बेलापूरची_लेक:
माझी आजी 'चुकी झाली' म्हणायची आणि तिच्या घरी टीव्ही नव्हता. रोग म्हणू नका. तुमच्या पेठांबाहेरही मराठी आहे.

(इथे चूक-चुकीवरून झालेले सहा प्रतिसाद संपादकांनी उडवले आहेत.)

विरंगुळा_७७:
शब्दांवरून भांडताय म्हणून सांगतो, हिरोशिमावर बॉम्बच मुळात एका शब्दाच्या चुकीच्या भाषांतरामुळे पडला. 'मोकुसात्सू'. जपानचे पंतप्रधान सुझुकी म्हणाले 'सध्या काही बोलायचं नाही', अमेरिकेने ऐकलं 'धुडकावतो'. व्हॉट्सॲपवर आलं होतं.

कात्रजचा_जपानी:
व्हॉट्सॲपला नमस्कार. शब्द मात्र खरा आहे आणि मराठीसाठी मेवा आहे. 'मोकु' म्हणजे मौन, 'सात्सु' म्हणजे मारणे. मौनाने मारणे. याला मराठीत आयता वाक्प्रचार आहे, 'अनुल्लेखाने मारणे'! इतका चपखल जोड मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेला नाही.

शब्दखोर:
वा! २६ जुलैला जपानने शरण यावं म्हणणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा आला, २८ला सुझुकी पत्रकारांपुढे हा शब्द बोलले. जपानच्या दोमेइ वृत्तसंस्थेनेच इंग्रजीत 'इग्नोर' केलं, पाश्चात्त्य पत्रांनी 'रिजेक्ट'. मराठीत पायऱ्या लावायच्या तर मूग गिळणे, कानाडोळा करणे, अनुल्लेखाने मारणे, वाटाण्याच्या अक्षता लावणे. सुझुकी पहिल्या पायरीवर असल्याचं त्यांचे समर्थक सांगतात, अमेरिकेने त्यांना शेवटच्या पायरीवर धरलं.

मिरजमळा:
पण 'आम्ही याला अनुल्लेखाने मारत आहोत' असं पत्रकारांना बोलावून सांगायचं, हा उल्लेखच झाला की.

जुनी_वही:
विरंगुळा, तुमची गोष्ट तारखांवर टिकत नाही. बॉम्ब टाकण्याचा लेखी आदेश अमेरिकी हवाई दलाच्या जनरल स्पाट्झला २५ जुलैचा आहे, ३ ऑगस्टच्या सुमारास हवा बघून टाका म्हणून. म्हणजे जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशीचा. सुझुकी तेव्हा काही बोललेच नव्हते. त्यांचा होकार आला असता तर आदेश थांबवता आला असता, हे खरं. पण भाषांतर चुकलं म्हणून शहर जळलं, ही गोष्ट भाषांतरकारांना फुशारकीला आणि सेनापतींना सुटकेला बरी पडते, एवढंच.

उकडीचा_मोदक:
'अनुल्लेखाने मारणे' हा साहित्यिक वर्तुळातला प्रयोग आहे, समीक्षकांनी रुळवलेला. लोकभाषेत कुठे आहे?

पेठेतला:
मोदकराव, लोक 'चुकी' बोलले तर रोग, समीक्षक बोलले तर लोकभाषेत नाही. मग बोलायचं कोणी?

ओटीवरची:
अहो, माझ्या ओळीचं काय? आम्ही, आपण, होणार नाही? काकांना आज कळवायचंय.

मुक्काम_वाशी:
आपण.

शब्दखोर:
आम्ही. किंवा कर्ता गाळून 'पुन्हा करणार नाही' ठेवा, मूळासारखं.

मुक्काम_वाशी:
गाळला तरी 'नाही'मुळे 'ते' बाद होतात, त्यांना 'नाहीत' लागतं. मराठीत पूर्ण लपता येत नाही.

कोकणकडा:
आणि शीर्षकात 'अणुबॉम्ब' नीट लिहा ताई, 'अणूबॉम्ब' नको. एकटा 'अणू' दीर्घ, समासात ऱ्हस्व.

विरंगुळा_७७:
पण तो परमाणुबॉम्ब ना? हिंदीत परमाणु बम म्हणतात. अणू म्हणजे मॉलिक्यूल.

शब्दखोर:
हिंदीत. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू, दहावीचं पुस्तक उघडा. त्यातून तुर्भ्याचं भाभा केंद्र हिंदीत 'परमाणु अनुसंधान', मराठीत 'अणुसंशोधन'.

तळेगावचा_मामा:
आणि बाजूची वसाहत मात्र दोन्हीकडे अणुशक्तीनगर! जुन्या हिंदीतही 'अणुबम'च म्हणत. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या हिशेबाने न फुटणारा तो परमाणू, मग हिंदीवाल्यांनी जो फोडला तो कसला परमाणू?

पेठेतला:
ग्रीकांचा ॲटमही न फुटणाराच होता, मामा. त्यांनाही विचारा.

बेलापूरची_लेक:
रेणू म्हणजे तर धूळ किंवा पराग. तो मॉलिक्यूल कधी झाला?

सातारी_कंदी:
आमच्याकडे दिवाळीत हिरव्या सुतळीतला तो 'आटमबाम'. दुकानदार अजून तसंच मागायला लावतो, सुतळी बॉम्ब म्हटलं तर दुसराच देतो. हे दोन वेगळे असतात का हो?

उकडीचा_मोदक:
वेगळे. सुतळी बॉम्बला सुतळी, ॲटमबॉम्बला कागद.

तळेगावचा_मामा:
चूक. दोन्हीला सुतळीच. कागदवाला तो लक्ष्मी.

बेलापूरची_लेक:
चुकी, मामा.