मदत हवी आहे: बाइकपॅकिंग आणि डोंगरवाटांना एकच फ्रेम, उंची १५८ सेंमी. चाक २९ इंची की २७.५ इंची?

नमस्कार मंडळी,

माझ्या सायकलचे बाकीचे भाग धडधाकट आहेत, फक्त फ्रेम नवी घ्यायची आहे. वापर दोन प्रकारचा. एक म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅग बांधून तीन-चार दिवस कच्च्या रस्त्यांवर भटकायचं. दुसरा म्हणजे सगळं सामान घरी ठेवून दिवसभर डोंगरात: दगडगोट्यांच्या पायवाटा, झाडांची मुळं, पोटात गोळा आणणारे उतार. दोन सायकली ठेवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर दोघींची उस्तवार करायची तयारीही नाही.

हार्डटेल (मागे शॉक नसलेली) घ्यायची हे पक्कं आहे. मागचा शॉक नेमका त्याच त्रिकोणात येऊन बसतो जिथे मला पिशवी लावायची आहे. हँडल सरळच ठेवणार. ड्रॉप हँडलमुळे हात आणखी पुढे जातात, त्यामुळे त्याला मुळातच आखूड रीचची (पुढे कमी लांब) फ्रेम लागते. म्हणून कृपया तो विषय नको.

अडलंय ते उंचीवर. पायाची आतली लांबी ७३ सेंमी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (बीबी, पेडलची धुरी फिरते ती जागा) सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ६४-६५. सीटची नळी तिरकी असते, त्यामुळे सरळ उभं मोजलं तर सीट बीबीपेक्षा ६२ सेंमी वर येते. आता २९ चं चाक आणि २.४ चा टायर धरा. टायरचा माथा बीबीच्या पातळीपेक्षा सुमारे ४३ सेंमी वर. उरले १९. त्यातले सीट आणि तिच्या रेल्सचे पाच गेले. राहिलेल्या १४ सेंमीत सीटबॅग लोंबणार, खड्ड्यात डुलणार, आणि मला तर ड्रॉपर पोस्टही (चालवताना सीट वर-खाली करता येणारा दांडा) हवा आहे. उतारावर सीट १० सेंमी खाली घेतली की बॅग टायरवर घासलीच म्हणून समजा. उंच लोकांच्या सुंदर बांधलेल्या सायकलींचे फोटो बघून नुसता जळफळाट होतो.

२७.५ घेतलं तर रिमचा व्यास ६२२ ऐवजी ५८४ मिमी. टायरची जाडी आणि बीबीची उंची तीच ठेवली तर टायरचा माथा ३८ मिमीने खाली येतो. मला ते चार सेंमी म्हणजे चैन आहे. पण माझी आत्ताची चाकं २९ ची आहेत (हब बूस्ट मापाचे, म्हणजे रुंदी मागे १४८ मिमी, पुढे ११०), आणि दगडांवरून २९ जसं सहज जातं तसं २७.५ जात नाही, हा अनुभव आहेच.

दोन फ्रेमी डोळ्यासमोर आहेत.

अ: क्रोमोली, २९, १२० मिमी दबणाऱ्या फोर्कसाठी बनवलेली, हेड ट्यूबचा (फोर्क धरणारी पुढची नळी) कोन ६६.५ अंश, चेनस्टे (बीबीपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची नळी) ४३० मिमी, सीटची नळी ३८ सेंमी. कॅरिअरसाठी भोकं नाहीत.

ब: क्रोमोली, २७.५ × २.८, सोबत कडक (न दबणारा) फोर्क, हेडचा कोन ६९, चेनस्टे ४४५, जिथे बघाल तिथे बोल्टची भोकं.

मन अ कडे ओढतंय, पण सामान कुठे बांधायचं ते सुचत नाही. तुम्ही काय घ्याल?

प्रतिसाद:

क्रोमोली निवडलंत, अर्धी लढाई तिथेच जिंकलात. आडरानात तुटली तरी रस्त्यातला कुठलाही वेल्डर जोडून देईल. अ घ्या नाहीतर ब घ्या, स्टीलच घ्या. ॲल्युमिनियमला थकव्याची मर्यादा (ज्याखालचे धक्के कितीही खाल्ले तरी धातू तुटत नाही ती पातळी) नसते, छोटे छोटे धक्के खाऊन ते कधी ना कधी दगा देतंच.

प्रतिसाद:

वरच्या वेल्डरवाल्या मुद्द्याला जरा आवर घालतो. चांगल्या क्रोमोली नळीची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरही जाड नसते. गेट आणि जाळ्या जोडणाऱ्या माणसाने तिथे जाड रॉड लावला तर जोडण्याऐवजी भोकच पडेल. जाडसर टोकाजवळ किंवा ड्रॉपआउटपाशी (चाकाचा ॲक्सल बसतो तिथे) तुटली तर हंगामी डागडुजी होते, एवढंच. थकव्याचं तत्त्व बरोबर आहे, पण ॲल्युमिनियमची फ्रेम बनवणारे ते धरूनच नळ्या जाड घेतात. दोन्ही फ्रेमी क्रोमोलीच्या आहेत, तेव्हा इथे धातूवरून निवड होणारच नाही.

ताई, तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण फ्रेम बदलण्याआधी सीटबॅगच सोडा. तुमच्या उंचीला ती मुळात बसतच नाही, आणि २७.५ च्या चार सेंमीने ड्रॉपर पुरता वापरता येईल असंही नाही. मागे हलकं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना लहान पिशव्या, प्रत्येकी ५-६ लिटरच्या. वजन खाली येतं, डुलणं थांबतं आणि ड्रॉपर मोकळा राहतो.

‘अ’ला भोकं नाहीत म्हणून तिला बाद करू नका. थ्रू-ॲक्सलवरच (हबमधून आरपार जाणारा, आट्यांनी बसणारा ॲक्सल) बसणारी कॅरिअर मिळतात. ओल्ड मॅन माउंटन आणि टेलफिन ही त्यातली माहितीतली नावं. वजन ॲक्सल पेलतो. वरची पकड सीटस्टेला (मागच्या ॲक्सलपासून सीटकडे जाणारी नळी) किंवा सीटपोस्टला बसते. सीटपोस्टवाली घेतलीत तर पकड ड्रॉपरच्या हलत्या भागावर येत नाही ना, ते बघा. मागवण्याआधी ॲक्सलची लांबी आणि आट्यांचं अंतर नीट मोजा, सगळे १४८ वाले ॲक्सल सारखे नसतात.

आता ‘अ’च का. सामान इकडचं तिकडे करता येतं, फ्रेमचे कोन करता येत नाहीत. तीव्र उतारावर ६९ अंशांची सायकल पुढे कोलमडेल असं वाटत राहतं. ६६.५ ला तो विश्वास मिळतो. भरलेल्या सायकलवर सरळ डांबरी रस्त्याला ती किंचित आळशी वाटेल, खडा चढ हळू चढताना पुढचं चाक थोडं भटकेल. मला ते चालतं. तुम्हाला चालेल का, ते तुमच्या दोन वापरांपैकी कशात जास्त दिवस जातात त्यावर.

फोर्कचंही ऐका. लांबच्या कच्च्या रस्त्यांसाठी पुढे कडक फोर्क लावता येतो, त्याच्या पायांना पाण्याच्या बाटल्या बांधता येतात (एका बाजूला साधारण ३ किलोच्या वर जाऊ नका). १२० मिमीच्या फोर्कची ॲक्सलपासून माथ्यापर्यंतची उंची २९ मध्ये ५३० मिमीच्या आसपास असते. तुम्ही बसल्यावर पाचवा हिस्सा दबला तर राहते ५०५. त्या जागी ४९० चा कडक फोर्क लावलात तर पुढचं १५ मिमीने खाली येतं. दर २० मिमीला कोन साधारण एक अंश बदलतो, म्हणजे इथे पाऊण अंश उभा. बीबी पाच-सहा मिलिमीटर खाली. पेडल दगडाला थोडं लवकर लागेल, बाकी काही बिघडत नाही. पण ४७० चा फोर्क स्वस्तात मिळतोय म्हणून या फ्रेमला लावू नका.

प्रतिसाद:

पुढे २९, मागे २७.५ असं करून पाहा की! बुटक्यांसाठी वरदान आहे, उतारावर मागचा टायर पार्श्वभागाला लागत नाही.

प्रतिसाद (कॅरिअर सुचवणारा):

त्यासाठीच बनवलेली फ्रेम असेल तर झकास. दोन्हीकडे २९ साठी बनवलेल्या फ्रेमला मागे २७.५ घातलंत तर मागचा ॲक्सल १९ मिमी खाली जातो, बीबी १२ मिमी खाली आणि हेडचा कोन जवळजवळ एक अंशाने आडवा. सीटही तेवढीच मागे कलते, चढावर पुढचं चाक उचलायला लागतं. वर कॅरिअरचं वजन. नको.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. ॲक्सलवरच्या कॅरिअरचा विचारच डोक्यात आला नव्हता. दोन शंका. चेनस्टे ४३० असताना टाच पिशवीला लागेल का? आणि ड्रॉपर खाली घेतल्यावर सीट कॅरिअरवर आपटेल का?

प्रतिसाद:

टाच: लहान पिशव्या आणि लहान पाऊल, बहुधा नाही लागणार. खात्री करायची तर आत्ताच्या सायकलला पिशवीच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बांधून पेडल मागे फिरवून बघा. घासलं तर पिशवी दोन-तीन सेंमी मागे सरकवा. त्याहून मागे नको, वजन ॲक्सलच्या मागे गेलं की चढावर पुढचं चाक तरंगतं.

सीट: ती खाली येते तशी थोडी पुढेही येते, त्यामुळे कॅरिअरच्या पाटाच्या पुढेच राहते. पाटावर तंबूचं गाठोडं मात्र ठेवू नका, ते पाटाच्या पुढे आलं तर सीट त्यावरच बसेल. तंबू हँडलला बांधा, आणि फोर्कची हवा सोडून तो पूर्ण दाबून टायर त्या गुंडाळीला टेकत नाही ना ते घरीच बघून घ्या.

३८ सेंमीच्या नळीत १२५ चा ड्रॉपर आरामात बसतो, फक्त बाटलीचे बोल्ट नळीच्या आत किती घुसलेत ते विचारा. बीबी आट्यांचा आहे ना आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणारा भाग) हँगर यूडीएच (अनेक कंपन्यांच्या फ्रेमींना चालणारा एकच प्रकार) आहे ना, हेही विचारून घ्या. आडरानात हँगर वाकला तर दुसरा सहज मिळायला हवा.