कात्रीआधी फाडकाम

बालवाडीत चिकटकामाचं चित्र करताना बाईंनी आधीच कापून ठेवलेले आकार मुलांना चिकटवायला द्या, असं काहीजण सुचवतात. झटपट होतं खरं, पण मग चित्र बाईंचंच होतं की! ३-४ वर्षांच्या मुलांना जुन्या मासिकांची रंगीत पानं फाडायलाच द्या. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून हळूहळू फाडताना बोटांना होणारा व्यायाम पुढे कात्री, पेन्सिल धरताना कामी येतो. ते तुकडे मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवून सगळ्यांचा मिळून एक मासा करा, कडा वेड्यावाकड्या असल्या की खवले छान दिसतात. डिंक बाटलीतून नको, झाकणात थोडासा काढून द्या. मणी, बारीक बटणं मात्र ३ वर्षांखालच्या मुलांना नकोतच, थेट तोंडात जातात. आणि मासा भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.