स्वमग्न मुलाशी घरात मराठी बोलणे थांबवावे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही बंगळूरमध्ये राहतो. माझा मुलगा पावणेचार वर्षांचा असून सहा महिन्यांपूर्वी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. वाचाउपचार सुरू करताना आम्हाला सांगण्यात आले की शाळा इंग्रजी आहे, तेव्हा घरातही इंग्रजीच बोला, नाहीतर दोन भाषांमुळे तो गोंधळेल. माझ्या सासूबाई साताऱ्याच्या; त्यांना इंग्रजी येत नाही. गेले दोन महिने त्या नातवाला भरवतानाही गप्प असतात, आणि तो मात्र ताट पुढे करून त्यांचेच "अजून घेतोस का?" हे वाक्य म्हणतो. मराठी खरोखरच बंद करावी का?

उत्तर १ (वाचाउपचारतज्ज्ञ, पुणे)
हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, पण संशोधनातून त्याला आधार मिळालेला नाही. हॅम्बली आणि फोम्बॉन या संशोधकांनी २०१२ मध्ये कॅनडातील ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन भाषा ऐकत वाढणारी मुले एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडल्याचे आढळले नाही. असे अभ्यास लहान आहेत आणि जवळजवळ न बोलणाऱ्या मुलांविषयीची माहिती अजून तोकडी आहे, हेही सांगायला हवे. मात्र आजीला गप्प बसवण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही.

आता त्या वाक्याविषयी. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, "तू" आणि "मी" यांची अदलाबदल न करता वापरणारी मुले मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरील १९४३ च्या लेखातच नोंदवली होती. पुढे १९८० च्या दशकात वाचातज्ज्ञ प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा पुनरुच्चारातून मूल मागणी करते, होकार देते, संवादात आपली पाळी घेते. तुमचा मुलगा पोळी मागतो आहे, तीही मराठीत. सासूबाईंनी त्याच्या वतीने "मला अजून पोळी दे" असे म्हणावे आणि लगेच वाढावी.

उत्तर २ (एका स्वमग्न मुलीचे वडील, म्हापसा)
गोव्यातील संगत ही संस्था आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पालकांना मुलाशी खेळतानाचे स्वतःचेच चित्रीकरण दाखवून, त्याच्या कलाने प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले होते. मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले. असा प्रतिसाद त्याच क्षणी द्यावा लागतो. मी इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत माझी मुलगी दुसऱ्या खेळण्याकडे वळलेली असे.

उत्तर ३ (स्वमग्न प्रौढ, ठाणे)
माझ्या लहानपणी आमच्या घरी हा सल्ला पाळला गेला. सुटीत गावी गेल्यावर चुलत भावंडांचे बोलणे मला अर्धेमुर्धे कळे आणि आजी माझ्याजवळ बसून नुसत्या शेंगा सोलत असे, कारण आम्हा दोघींना सामाईक अशी भाषाच उरली नव्हती. मराठी मी विशीनंतर शिकले, तेव्हा आजी राहिली नव्हती. कृपया सासूबाईंना आजच्या जेवणापासूनच बोलू द्या. त्यांनी छोटी वाक्ये वापरली आणि त्याच्या उत्तरासाठी थोडे अधिक थांबल्या, तर त्याला सोपे जाईल.