परीक्षा जवळ आली की छातीत धडधड, काउन्सेलरची फी परवडत नाही

पेठेतला_पोरगा: पुण्यात एमपीएससी करतोय, रूम मेस अभ्यासिका यातच घरून आलेले पैसे संपतात आणि हल्ली रात्री आडवं झालं की छातीत धडधड, हातपाय गार, डोक्यात फक्त निकाल. प्रायव्हेट काउन्सेलरची फी झेपणारी नाही. स्वस्तात काही आहे का?

मेघनाताई: अरे १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन आहे २०२२ पासूनची, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि ससूनच्या मानसोपचार ओपीडीत जा, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढ, रांग असते पण खर्च किरकोळ. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासायचं का तेही विचार, त्यानेही धडधड होते.

रिपीटर: ताई बरोबर बोलतायत. धडधड सुरू झाली की ४ मोजत श्वास घे, ६ मोजत सोड, पाचेक मिनिटं, सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे हे महत्त्वाचं. संध्याकाळनंतर अमृततुल्यचा चहा बंद, मला झोपेत सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. आणि कटऑफचे अंदाज टाकणारे ग्रुप म्यूट कर बाबा, त्यातून काही मिळत नाही, नुसता जीव घाबरतो.

मेघनाताई: आणि कधी जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नको हां, त्याच नंबरवर रात्रीच फोन कर, रूममेटला उठव.

पेठेतला_पोरगा: थँक्यू दोघांनाही. सोमवारी जातो. आधार कार्ड लागेल का?

रिपीटर: असलेलं बरं, ने सोबत.