ऑटोमेशनच्या फील्डला उतरायला दीड लाखाची टूलकिट? काहीही!

पॅनेलमधला उंदीर
काल इथे फोरमवर एका साहेबांनी ऑटोमेशनमध्ये (कारखान्यातली मशीन आपोआप चालवणाऱ्या यंत्रणांचं काम) येणाऱ्या नव्या पोरांसाठी टूल्सची यादी टाकली. फ्लुक या महागड्या ब्रँडचा मीटर, लूप कॅलिब्रेटर (सेन्सरचा सिग्नल तपासायचं यंत्र), थर्मल कॅमेरा, स्वतःचा तगडा लॅपटॉप. वर सल्ला: "दीड लाख खर्चायची तयारी नसेल तर फ्रेशर्सनी दुसरं क्षेत्र बघावं." खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, मला पहिला पगार साडेसहा हजार होता. आणि नवीन पोराच्या हाती पहिलं वर्षभर काय येतं? फेरूल मारणं (वायरच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणं), टर्मिनल घट्ट करणं आणि आय-ओ चेकिंग, म्हणजे प्रत्येक सेन्सरचा सिग्नल कंट्रोलरपर्यंत येतो का ते बघणं. एकजण पॅनेलपाशी (कंट्रोलचं कपाट), दुसरा कन्व्हेयरखाली आडवा पडून प्रॉक्सिमिटीसमोर (जवळ आलेला धातू ओळखणारा सेन्सर) पाना धरतोय. "आला का?" "नाही आला." "आता?" हे दिवसभर. यात थर्मल कॅमेऱ्याने कुणाचे फोटो काढायचे?

माझ्या मते रिषभ किंवा मेको या भारतीय कंपन्यांचा बरा मीटर, तापडियाचे स्क्रूड्रायव्हर (टर्मिनलचा बारीक हवाच), स्ट्रिपर, डोक्याला लावायची टॉर्च, यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टर (लॅपटॉप मशीनमधल्या उपकरणांना जोडायला) आणि वही. पैसे घालायचेच तर फेरूल दाबायच्या पक्कडीवर, क्रिंपरवर घाला. रांजणगावला एक मशीन दर दोन-तीन तासांनी इमर्जन्सीला जायचं, म्हणजे आपोआप बंद पडायचं. दोन दिवस प्रोग्राम चाळला. शेवटी वैतागून टर्मिनलमधली एक वायर हलकेच ओढली, तर वायर हातात आणि फेरूल आतच. कुणीतरी नोज प्लायरने दाबलं होतं.

लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीने द्यायचं. विषय संपला.

चोवीस व्होल्ट डीसी
यादी माझीच. कॅमेरा जरा जास्त झाला, ठीक. पण "बरा मीटर" म्हणजे काय हो? आमच्या ट्रेनीकडे बाजारातला तीनशेवाला पिवळा मीटर होता. आधी करंट मोजला होता, प्रोब १० अँपच्या भोकात तशीच राहिली. मग फीडरवर (मुख्य सप्लायची लाइन) आर-वाय, म्हणजे दोन फेजमधलं व्होल्टेज बघायला गेला. त्या भोकाशेजारी "अनफ्यूज्ड" (आत फ्यूज नाही) असं छापलेलं असतं, वाचतो कोण? ४१५ व्होल्ट सरळ शॉर्ट. पोराच्या तळहाताची कातडी गेली, डोळे चष्म्यामुळे वाचले. कॅट-३ रेटिंगचा, म्हणजे कारखान्याच्या वायरिंगवर वापरायला सुरक्षित मीटर ही चैन नाही. तुमच्या साडेसहा हजारांचं कौतुक तुम्हालाच.

पॅनेलमधला उंदीर
कॅट-३ नको असं मी म्हटलंच नाही. भारतीय मीटरलाही रेटिंग असतं. फ्लुक लिहिलं की अंगठे जास्त मिळतात, एवढंच.

जुना वायरमन
दोघेही टेस्टर विसरलात. ३१ वर्षं खिशात आहे. तुमचा मीटर बॅगेतून बाहेर येईपर्यंत माझं काम झालेलं असतं.

लॅडर लॉजिक
काका, राग मानू नका, पण टेस्टरवर बंदी घातली पाहिजे. पॅनेलमधल्या २४ व्होल्टवर तो आंधळा, त्यातला निऑन दिवा पेटायलाच साठ-सत्तर व्होल्ट लागतात. न्यूट्रल तुटला तर कळत नाही. आणि त्याचं सर्किट पूर्ण होतं तुमच्या अंगातून. रबर मॅटवर, सेफ्टी शूज घालून, भर उन्हात उभं राहा, लाइव्ह वायरवर पेटलेला दिसत नाही. "पेटला नाही म्हणजे बंद" समजून लोक हात घालतात.

जुना वायरमन
आणि मीटर खोटं बोलत नाही? भोसरीत गुरुवारच्या शटडाऊनला एका इंजिनिअरने केबल ट्रेमधली जुनी, बंद केबल धरून सगळं काम थांबवलं. का, तर मीटर ९० व्होल्ट दाखवतोय. तासभर सप्लाय कुठून येतो ते शोधलं. मी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) लावला. पेटलाच नाही, आणि लॅम्प लावल्यावर मीटरवरही शून्य.

लॅडर लॉजिक
ते घोस्ट व्होल्टेज. शेजारच्या चालू केबलमुळे येतं, मीटरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १० मेगाओहमच्या आसपास, म्हणजे फार मोठा असतो म्हणून दिसतं. माहितीये.

जुना वायरमन
तुम्हाला माहितीये. त्याला नव्हतं. आणि बल्ब माझ्याकडे होता.

चोवीस व्होल्ट डीसी
बरं बाबा. यादीतून थर्मल कॅमेरा काढून चाळीस वॅटचा बल्ब टाकतो, खूश? पण फेज-टू-फेज तपासायला तो २३० चा बल्ब लावलात तर काचा वेचायला कोण येणार?

जुना वायरमन
दोन सिरीजमध्ये लावतात साहेब. कॉलेजात शिकवलं नाही?

लॅडर लॉजिक
होल्डरला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला तो लटकता प्रकार सेफ्टी ऑफिसरने पाहिला तर गेटबाहेर काढेल. लो-इम्पीडन्स मोडचे मीटर मिळतात आता.

चोवीस व्होल्ट डीसी
कितीला मिळतात तेही सांगा की. म्हणजे फिरून माझ्याच यादीवर आलात!

साईटवरची ती
टेस्टर-बल्बची महाभारतं झाली असतील तर एक विचारू? बाईच्या पायाचे सेफ्टी शूज साईटवर कधी मिळणार? मला पाच नंबर लागतो, स्टोअरमध्ये सातपासून सुरुवात. दोन मोजे घालून शिडी चढते मी. माझ्या यादीत पहिले स्वतःचे शूज, बाकी नंतर.

आणि "लॅपटॉप कंपनीने द्यायचा" म्हणणाऱ्यांसाठी: दिला होता. त्यावर टीआयए (सीमेन्सच्या कंट्रोलरचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) व्ही-१८. मशीनचा प्रोजेक्ट व्ही-१५. सिनिअरने उघडला, अपग्रेड विचारलं, हो म्हणाला. सगळे बदल १८ च्या कॉपीत झाले, ती १५ मध्ये उघडत नाही, आणि क्लायंटकडे फक्त १५. तेव्हापासून माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत्येक व्हर्जनचं वेगळं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपमधलाच जणू वेगळा कॉम्प्युटर) आहे.

पॅनेलमधला उंदीर
शूजचं शंभर टक्के मान्य, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लॅपटॉपचं अर्धं मान्य. पण आपण स्वतःचा नेत राहिलो तर कंपनी कशाला देईल?

साईटवरची ती
तत्त्व छान आहे. रात्री दोनला लाइन बंद असताना प्रॉडक्शन मॅनेजरला समजावून सांगा.

नवा ट्रेनी
नमस्कार. सोमवारी जॉइन झालो. धागा वाचून मीटर घेणार होतो, पण साहेब म्हणाले माझा वापर. मीटर चांगला फ्लुकचाच आहे.

चोवीस व्होल्ट डीसी
बघा! शुभेच्छा.

नवा ट्रेनी
आज लेव्हल ट्रान्समीटरचा (टाकीतली पातळी मोजून करंटच्या रूपात पाठवणारा सेन्सर) करंट बघायला सांगितलं. लूप तोडून मीटर सिरीजमध्ये लावला. ४ ते २० मिलिअँपमध्ये काहीतरी यायला हवं, तर शून्य, आणि एचएमआयवर (ऑपरेटरचा स्क्रीन) वायर-ब्रेकचा अलार्म. मीटर काढून वायर परत जोडली की लेव्हल बरोबर. दुपारपर्यंत हेच. ट्रान्समीटरचं झाकण उघडलं, पोलॅरिटी तपासली, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

जुना वायरमन
मीटरमधला मिलिअँपचा फ्यूज बघ.

नवा ट्रेनी
तोच. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे हो, तो दिवाळीपासून उडालाय. मी व्होल्टेजच बघतो."