मदत हवी आहे: सिंगापूर–जोहोर सीमा, आईचे गुडघे आणि साडेअकराचं बारसं

अबोली_७

नमस्कार मंडळी. आई-बाबा सांगलीहून माझ्याकडे सिंगापूरला आले आहेत. धाकटा भाऊ सीमेपलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये नोकरीला असतो. त्याला मुलगी झाली, पुढच्या महिन्यात शनिवारी बारसं आहे, मुहूर्त सकाळी साडेअकराचा. मी आत्या, त्यामुळे बाळाच्या कानात नाव मलाच सांगायचंय आणि पाळण्याशी आई-बाबा हवेतच.

अडचण वुडलँड्स चेकपॉइंटची, म्हणजे सिंगापूरच्या बाजूच्या सीमाचौकीची. आम्ही सेंबावांगला राहतो, तिथून ते जवळ. मी एकटी जाते तेव्हा बसने जाते, कधी पटकन होतं, कधी रांगेत पाय मोडून येतात. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. पंधरा-वीस मिनिटांवर तिला उभं राहवत नाही आणि सरकता जिना बंद असला तर संपलंच. बाबा ७६ वर्षांचे आहेत, चालायला खुटखुटीत, पण त्यांना दर तासाला बाथरूमला जावं लागतं. गाडीत किंवा पुलावर दोन तास अडकलो तर त्यांचं काय करायचं या विचाराने मला झोप लागत नाही.

विचारायचंय ते असं. शनिवारी सकाळी किती वाजता निघालं तर अकरापर्यंत नक्की पोचू? बस, ट्रेन की टॅक्सी? आई-बाबांची कागदपत्रं काय काय लागतील? आणि चेकपॉइंट मोठं करण्याचं काम चाललंय, नवी रेल्वे येतेय असं ऐकते, त्याने खरंच फरक पडणार आहे का? भाऊ अजून दोन-तीन वर्षं तरी तिथेच आहे, आई-बाबा पुन्हा पुन्हा येतील, म्हणून विचारतेय.

चिंचबन

अभिनंदन आत्याबाई!

मुहूर्त गाठायचा असेल तर शनिवारी सकाळी निघूच नका. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ या सिंगापूरहून बाहेर पडणाऱ्यांच्या सगळ्यात वाईट वेळा. लाँग वीकेंड किंवा शाळेच्या सुट्ट्या असल्या तर सरकारच आधी जाहीर करतं की गाड्यांना तीन तासांपर्यंत लागू शकतात. त्यात २०२५ पासून जोहोरची साप्ताहिक सुट्टीही शनिवार-रविवार झाली. आधी दहा-अकरा वर्षं त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची, म्हणून गर्दी थोडी विभागली जायची. आता दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी बाहेर पडतात.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाका, दुपारी बाराच्या आसपास सीमा ओलांडा आणि रात्री भावाकडेच राहा. बारशाच्या आदल्या रात्री आजी-आजोबा घरात असलेले वहिनीलाही बरे वाटतील.

मुळशीकर

ट्रेनने जा. वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंटवरून जेबी सेंट्रलला, म्हणजे जोहोर बारू शहरातल्या स्टेशनला, केटीएमची (मलेशियन रेल्वेची) शटल आहे, पाच मिनिटांचा प्रवास, भाडं पाच सिंगापूर डॉलर. जाताना दोन्ही देशांचं इमिग्रेशन वुडलँड्सलाच एका छताखाली होतं, त्यामुळे एकदा गाडीत बसलं की पलीकडे उतरून थेट बाहेर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोपं काही नाही. बसमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सिंगापूरच्या चौकीवर सामानासकट उतरा, वर चढा, शिक्का-तपासणी, खाली या, पुन्हा बसची रांग, पूल, मग मलेशियाच्या इमारतीत तेच सगळं परत.

अबोली_७

मुळशीकर, ट्रेनचं मीही पाहिलं. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारची आणि शनिवारची सगळी तिकिटं आत्ताच संपलेली दिसताहेत. चिंचबन, शुक्रवारी जायची कल्पना पटली, रजेचं विचारते.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की गर्दी असली तर बसमधून उतरून पूल सरळ चालत जा, एक किलोमीटरच तर आहे. बाबा लगेच तयार झाले!

चिंचबन

कृपा करून बाबांना थांबवा. कॉजवे, म्हणजे हा पूल, जेमतेम १.०५ किलोमीटरचा आहे हे खरं, आणि बस हलत नाही म्हटल्यावर लोक चालतात हेही खरं. पण ती वाट म्हाताऱ्या माणसांसाठी नाही. शेजारून शेकड्याने मोटारसायकली जात असतात, सावली नाही, बसायला जागा नाही आणि मधे बाथरूम तर नाहीच नाही. अर्ध्यात आई थांबल्या तर ना पुढे ना मागे.

तुआसवाला

मी गेली कित्येक वर्षं कामासाठी ये-जा करतो. एक प्रश्न: भाऊ जोहोरमध्ये नेमका कुठे राहतो? सगळे वुडलँड्स धरून सल्ला देताहेत.

अबोली_७

बुकित इंदाहला. हॉलही तिथेच, घराजवळ.

तुआसवाला

मग वुडलँड्सला जाताच कशाला? बुकित इंदाह पश्चिमेला आहे. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआस आहे, तिथल्या दुसऱ्या पुलावरून, म्हणजे सेकंड लिंकवरून जा. हा पूल १९९८ साली सुरू झाला, जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. जेबी शहरात जायचं असेल तर तो लांब पडतो म्हणून तिकडे बसचे प्रवासी खूप कमी असतात. तुमच्या भावाच्या घरासाठी मात्र तोच सरळ रस्ता आहे. वुडलँड्सहून गेलात तर पलीकडे उतरल्यावर शहराच्या कोंडीतून पुन्हा पश्चिमेला यावं लागेल.

सेंबावांगहून लाल लाइनची मेट्रो (एमआरटी) न बदलता जुराँग ईस्टला जाते. तिथून पिवळी बस, सीडब्ल्यू ३, तुआसमार्गे थेट बुकित इंदाहला. दोन्ही चौक्यांवर सामान घेऊन उतरावं लागतं, ते चुकत नाही. पण गर्दी कमी म्हणून उभं राहणं कमी. तिकीट जपून ठेवा, आपली बस निघून गेली तर त्याच कंपनीच्या पुढच्या बसमध्ये तेच चालतं.

आईंचे गुडघे फारच दुखत असतील तर परवाना असलेली सीमापार टॅक्सी करा आणि तुआसमार्गे चल म्हणून आधीच ठरवा. टोल पडतो, पैसे बसच्या कित्येक पट जातात, पण संपूर्ण तपासणी गाडीत बसून होते. आईंना एकदाही उतरावं लागत नाही. सिंगापूरच्या बाजूला आता क्यूआर कोड दाखवून काम होतं, मार्च २०२४ पासून. एका कोडमध्ये गाडीतल्या दहा जणांपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट बसतात. घरूनच तयार करून ठेवा. पासपोर्ट तरी हाताशीच ठेवा, मलेशियाच्या खिडकीवर लागतातच.

समाजमाध्यमांवर 'दारापासून दारापर्यंत' म्हणून स्वस्तात नेणाऱ्या खाजगी गाड्या दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. परवाना नसलेल्या गाड्यांवर कारवाई चालू आहे, गाडी जप्त झाली की तुम्ही आई-बाबांसह रस्त्यावर.

कोवळे_ऊन

कागदपत्रांचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासू-सासऱ्यांना नेताना हे सगळं केलंय.

सगळ्यात आधी आई-बाबांचा सिंगापूरचा व्हिसा उघडून बघा. त्यावर एकाहून जास्त वेळा प्रवेश करता येतो असं लिहिलेलं असायला हवं. जोहोरला जाणं म्हणजे देश सोडणं, परत येणं म्हणजे नवा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना ते सीमेवर अडकतील. हे आज रात्रीच बघा, बाकीचं नंतर. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी.

मलेशियासाठी भारतीयांना सध्या तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली आहे. पण मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड तिघांचंही भरावं लागेल, तुमचंसुद्धा, कारण तुमचा पासपोर्ट भारतीय आहे. जाण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरतात, फुकट असतं. पैसे मागणाऱ्या बनावट साइट्स बऱ्याच आहेत, सरकारीच उघडा.

परतताना आई-बाबांचं सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड पुन्हा भरायचं. चांगी विमानतळावर उतरताना भरलं होतं ते संपलं. तुमच्याकडे इथला दीर्घ मुदतीचा पास असेल तर रस्त्याने परतताना तुम्हाला ते लागत नाही.

अजून एक. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर भांडी घासली, चुलीशी काम केलं, त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला सापडतच नाहीत. आधारच्या वेळीही हाच त्रास झाला होता. स्वयंचलित गेटमध्ये अंगठा ठेवून त्या तशाच उभ्या, मागची रांग वाढत चाललेली, आणि त्या घाबरून मराठीतच 'अहो, उघडत नाही हो' म्हणत होत्या. अशा वेळी गेटशी झगडू नका. बाजूला माणूस बसलेला काउंटर असतो, अधिकाऱ्याला हात करा, ते तिकडे नेतात. आईंना काठी किंवा व्हीलचेअर असेल तर आधीच सांगा, लांब रांगेत उभं करत नाहीत. आणि तुम्ही त्यांच्या मागे राहा, पुढे जाऊ नका. एकदा गेट ओलांडलं की मागे येता येत नाही.

अबोली_७

कोवळे_ऊन, व्हिसा लगेच पाहिला, अनेक वेळा प्रवेशाचा आहे. हुश्श! आईच्या बोटांचं वाचून मात्र थबकले. चांगीला तिलाही तीन-चारदा अंगठा पुसावा लागला होता.

तुआसवाला, तुमचे आभार कसे मानू. टॅक्सीच करते. सहकाऱ्याने त्याची गाडी देऊ केली होती, ती घेऊ का?

तुआसवाला

त्याच्या गाडीचा मलेशियाचा परवाना, व्हीईपी, झालेला आहे का विचारा. तो नसेल तर जुलै २०२५ पासून तीनशे रिंगिट दंड करतात. शिवाय सिंगापूरची गाडी बाहेर नेताना टाकी पाऊण भरलेली लागते, काटा खाली असला तर परत पाठवतात. तुम्हाला मागे वळून आईंकडे बघायचंय, गाडी चालवणं नको. टॅक्सीच बरी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, फरक पडेल का. मला याबद्दल मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वुडलँड्सची आत्ताची इमारत १९९९ ची. तिथून रोज तीन लाखांच्या आसपास माणसं ये-जा करतात, २०५० पर्यंत हा आकडा चार लाखांवर जाईल असा सरकारचा अंदाज आहे. म्हणून आत्ताच्या पाचपट जागेवर चेकपॉइंट उभं करायचं काम २०२५ ला सुरू झालं. गर्दीच्या वेळी मोटारींना सरासरी साठ मिनिटं लागतात, ती पंधरावर आणायचं उद्दिष्ट आहे. पहिला टप्पा जुन्या वुडलँड्स चेकपॉइंटच्या जागेवर, तो २०२८ पासून हळूहळू उघडेल. पूर्ण काम व्हायला दहा-पंधरा वर्षं. या जागेसाठी शेजारच्या मार्सिलिंग वस्तीतल्या नऊ इमारती रिकाम्या होताहेत. तिथली म्हातारी माणसं तीस-चाळीस वर्षांचा शेजार सोडून चालली आहेत, त्यांच्याशी बोललो की हा विस्तार नुसता नकाशावरचा वाटत नाही.

पण काउंटर पाचपट झाले तरी पूल तोच आहे, १९२४ साली उघडलेला. खालापूरच्या टोलनाक्यावर कितीही खिडक्या वाढवल्या तरी पुढचा बोरघाट तेवढाच राहतो, तसं. जोहोरकडची इमारत भरली की रांग पुलावर येते, पूल भरला की सिंगापूरच्या रिकाम्या खिडक्यांचा उपयोग शून्य. दोन्हीकडचा वेग एकदम वाढला तरच पुलावरची गाडी हलते.

म्हणून तुमच्यासारख्यांसाठी माझा जास्त भरवसा रेल्वेवर आहे. आरटीएस म्हणतात ती. वुडलँड्स नॉर्थ ते पलीकडे जोहोर बारूमधलं बुकित चागर, चार किलोमीटर, पाच मिनिटं, एका दिशेला तासाला दहा हजार माणसं नेण्याची क्षमता. डिसेंबर २०२६ पर्यंत सुरू करायचं ठरलंय. दोन्ही देशांची तपासणी निघतानाच एका जागी होणार, म्हणजे पलीकडे उतरून सरळ चालू पडायचं. आणि ती पुलावरून जातच नाही, तिचा स्वतःचा मार्ग आहे. मुळशीकरांची शटल मग बंद होईल. पुढच्या खेपेला आई-बाबा येतील तेव्हा सेंबावांगहून लाल लाइनने वुडलँड्स, तिथून एका स्टेशनवर वुडलँड्स नॉर्थ आणि मग ही. बुकित चागरहून बुकित इंदाहला टॅक्सी करावी लागेल तेवढीच.

मला सारखं वाटतं की या सगळ्या योजना मिनिटांत मोजल्या जातात. साठची पंधरा झाली, चांगलंच आहे. पण आईंसारख्या माणसाला चाळीस मिनिटं बसून गेली तर चालतात आणि दहा मिनिटं उभं राहून नाही चालत. रांगेच्या कडेला चार बाक आणि जवळ एक बाथरूम, एवढं जरी नव्या इमारतीत जागोजागी केलं तरी कितीतरी कुटुंबं मोकळेपणाने ये-जा करतील. सूचना मागवतात तेव्हा मी हे दर वेळी लिहून देतो. तुम्हीही लिहा.

चिंचबन

बाकांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन.

अबोली_७

ठरलं तर मग. शुक्रवारी सकाळी दहाला टॅक्सी, तुआसमार्गे, निघताना आई-बाबा दोघंही बाथरूमला जाऊन बसतील. रजा मिळाली. बाबांना चालत जायचं नाही म्हणून सांगितलं, थोडे हिरमुसलेत.

परतीचं तेवढं सांगा. रविवारी संध्याकाळी निघायचा विचार होता.

कोवळे_ऊन

रविवार संध्याकाळ टाळा, सगळं सिंगापूर त्याच वेळी घरी परतत असतं. सोमवारी पहाटेही नको, जोहोरहून कामाला येणारी हजारो माणसं अंधारातच निघतात. जमलं तर सोमवारची रजा वाढवा आणि नाश्ता करून साडेदहा-अकराला निघा. निघण्याआधी दोन्ही पुलांवरच्या सरकारी कॅमेऱ्यांची चित्रं फोनवर दिसतात, ती बघून घ्या. आणि आई-बाबांच्या अरायव्हल कार्डवर रविवारची तारीख टाकून ठेवली असेल तर ती सोमवारची करा.